हुप्प्याची सत्ता आणि माद्यांचे घर
वानर-अभ्यासाचे आंतरराष्ट्रीय उपक्रम आणि मराठी शब्द : एक चिकित्सा

१

जगातल्या वानर-अभ्यासाच्या नकाशावर खानदेश एका रेघेपुरता आहे. ती रेघ म्हणजे तापी. आखूड शेपटीचे, मागच्या अंगाला तांबूस झाक असलेले ऱ्हीसस माकड उत्तरेचे, आणि डोक्यावर केसांची गोल टोपी घातल्यासारखे दिसणारे लांब शेपटीचे माकड दक्षिणेचे. या दोघांच्या प्रदेशांची सीमा पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी, असे जुने प्राणिशास्त्र मानत आले. काळ्या तोंडाच्या वानरांचेही असेच. उत्तरेकडच्या वानरांची शेपटी पाठीवरून पुढे डोक्याकडे वळते, दक्षिणेकडच्यांची मागे झुकते. शेपटीच्या या दोन तऱ्हांची सीमा म. ल. रूणवाल यांनी साधारण याच तापी-गोदावरीच्या पट्ट्यात दाखवली. म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्यात शिरपूर एका बाजूला पडते आणि शिंदखेडा दुसऱ्या बाजूला.

ही रेघ आता सरकली आहे. २०११ साली कुमार, राधाकृष्ण आणि सिन्हा या अभ्यासकांनी दाखवून दिले की ऱ्हीसस माकडे दक्षिणेकडे पसरत आहेत आणि टोपीवाल्या माकडांची जागा घेत आहेत. यात निसर्गाचा हात किती आणि एका गावची माकडे पकडून दुसऱ्या गावच्या हद्दीत सोडणाऱ्या माणसाचा किती, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. हा शोध ज्या नदीशी बांधलेला आहे, तिच्या काठावरच्या माणसाला त्याची वार्ता नाही. लेखाचा विषय हीच विसंगती आहे.

गेल्या साठ-पासष्ट वर्षांत भारतातील वानर आणि माकडे यांच्यावर जपान, अमेरिका व जर्मनी येथील विद्यापीठांनी आपल्याकडच्या विद्यापीठांशी हातमिळवणी करून काम केले. आता अशा उपक्रमांच्या नावात ‘संशोधन’ या शब्दाच्या जोडीला ‘संवर्धन’ आणि ‘शिक्षण’ हे शब्दही येतात. असा उपक्रम चालवणाऱ्या प्राध्यापकाच्या कामाचे मूल्यमापन एरवी शोधनिबंध, पदव्या आणि अनुदान यांवरून होते. मला येथे वेगळी कसोटी लावायची आहे. उपक्रम संपल्यावर ज्या भूमीवर तो झाला, तिच्या भाषेत काय उरले?

२

आधी आपल्या भाषेकडे पाहू. शब्द हा इतिहासाचा पुरावा असतो, ही शिकवण देणाऱ्या राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ देवपुरातून पांझरा ओलांडली की लागते. शब्दांपासून सुरुवात करण्याची सवय या गावात परकी नाही.

इंग्रजीत ‘मंकी’ म्हटले की सगळे एका पोत्यात जातात. मराठीत तसे नाही. काळ्या तोंडाचे, करड्या अंगाचे, लांब शेपटीचे ते वानर. तांबड्या तोंडाचे ते माकड. खेड्यापाड्यांत वानराचे वांदर होते, पण भेद सुटत नाही. कोकणात माकडांना केलडी म्हणतात आणि वानर तिथेही वेगळाच राहतो. वानरांच्या टोळीतल्या थोराड नराला ‘हुप्प्या’ म्हणतात. हा शब्द त्याच्या हुंकारावरून आला, आणि त्यात निरीक्षण आहे : टोळीत असा आवाज काढणारा बहुधा एकच असतो, हे शब्द घडवणाऱ्याने ऐकले होते. मराठी विश्वकोशाने ‘प्रायमेट’ या शास्त्रीय गणासाठी ‘नरवानर गण’ असा शब्द योजला. तो नुसता अनुवाद नाही. नर आणि वानर एका छपराखाली आहेत, हे तो उच्चारातच सांगतो. असे असून व्यवहारात आपण ‘वानरशास्त्र’ म्हणतो आणि माणसाला त्या छपराखालून अलगद बाहेर काढतो.

दुसरीकडे याच भाषेत माकडचेष्टा आहेत, माकडाच्या हाती दिलेले कोलीत आहे आणि पावसाळा संपला की विसरले जाणारे माकडाचे घर आहे. वानराला रामकथेने देव केले, माकडाला म्हणींनी मूर्ख केले. या दोन टोकांच्या मध्ये प्रत्यक्ष प्राण्याला जागा किती, हा प्रश्न कुठल्याही शिक्षणक्रमाला आधी सोडवावा लागतो.

३

आता उपक्रमांकडे वळू. क्योटो विद्यापीठाच्या जपानी अभ्यासकांनी भारतीय सहकाऱ्यांसह १९६१ ते १९६३ या काळात धारवाडच्या परिसरात वानरांच्या टोळ्यांचे निरीक्षण केले. धारवाड म्हणजे मराठी माणसाला परके गाव नव्हे. १९६२ साली युकिमारू सुगियामा यांनी तिथे जे पाहिले त्याने या शास्त्राची दिशा बदलली. बाहेरच्या नरांच्या टोळक्याने एका टोळीवर हल्ला केला, जुन्या हुप्प्याला हुसकावले, पुढे त्या नरांतलाही एकच टिकला आणि त्यानंतर टोळीतली दूधपिती पिल्ले एकामागून एक चावे घेतली जाऊन नाहीशी झाली. नंतर माद्यांनी नव्या नराशी समागम केला. सुगियामांनी दुसऱ्या टोळीतला हुप्प्या मुद्दाम बाजूला काढून पाहिले. तिथेही तोच क्रम घडला.

१९६५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या शीर्षकात सुगियामांनी वापरलेला शब्द होता ‘सामाजिक बदल’. किती सौम्य शब्द! त्याआधी फिलिस जे यांनी बस्तरातल्या ओरछा आणि लखनौजवळच्या काकोरी या भागांत वानरे पाहिली होती आणि त्यांना ती शांत, सलोख्याने राहणारी वाटली होती. म्हणून धारवाडची घटना हा अपवाद आहे, गर्दीमुळे आलेली विकृती आहे, असा युक्तिवाद पुढे बराच काळ चालला. जोधपूरच्या एस. एम. मोहनोत यांनी १९७१ साली पश्चिम भारतातल्या अशाच घटनांची नोंद करताना शीर्षकातच ‘पिल्लांची हत्या’ असे म्हटले. त्याच वर्षी हार्वर्डची विद्यार्थिनी सारा ब्लॅफर हर्डी माउंट अबूला आली. १९७७ साली आलेल्या ‘द लंगूर्स ऑफ अबू’ या तिच्या ग्रंथाने या घटनेचा अर्थच फिरवला.

हर्डीचे म्हणणे असे : पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत मादी पुन्हा माजावर येत नाही. नव्या हुप्प्याला टोळीत मिळणारा काळ थोडा असतो, कधी काही महिने, कधी काही वर्षे. दुसऱ्याचे पिल्लू मारले तर मादी लवकर माजावर येते आणि त्याची स्वतःची संतती वाढण्याची शक्यता वाढते. म्हणजे ही विकृती नव्हे, निर्दय पण हिशेबी वर्तन आहे. वाद मिटायला वेळ लागला. १९९९ साली नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीतून दिसले की ज्या नरांनी पिल्लांवर हल्ले केले ते त्या पिल्लांचे बाप नव्हते. हर्डीच्या बाजूला त्यामुळे वजन आले.

पण हर्डीच्या ग्रंथाचा खरा पाया वेगळा आहे. तिने माद्यांकडे पाहिले. माद्या एकाहून अधिक नरांशी समागम करतात, गाभण असतानाही माजाची लक्षणे दाखवतात, पिल्लावर हल्ला झाला तर एकमेकींच्या मदतीला धावतात. बापाविषयी संभ्रम राहिला तर पिल्लू वाचण्याची शक्यता वाढते. आणि सर्वांत महत्त्वाचे, टोळीतल्या माद्या बहुधा जन्मभर त्याच टोळीत, त्याच टापूत राहतात. हुप्प्ये येतात आणि जातात. टोळी ही आई-मुली-बहिणी-मावश्यांची आहे. हुप्प्या तिथला पाहुणा आहे, हिंसक असला तरी पाहुणाच.

एकच घटना, आणि तिला ‘सामाजिक बदल’, ‘पिल्लांची हत्या’, ‘कब्जा’ असे तीन शब्द मिळाले. प्रत्येक शब्दाबरोबर शास्त्र वेगळे झाले. आपल्या पायरीवर बसलेल्या वानरावर जगभर एवढा काथ्याकूट झाला, पण त्यातला एकही शब्द कन्नड, मारवाडी किंवा मराठी नव्हता. धारवाडच्या गुराख्याला हुप्प्या बदलल्यावर काय होते हे ठाऊक नसेल, असे मानायला जागा नाही. त्याला विचारल्याची नोंद मात्र या गाजलेल्या निष्कर्षांत कुठे डोकावत नाही.

४

एवढ्यावरून हे उपक्रम परक्यांची लूट होती असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि चूकही. याला अलीगढचे उदाहरण उत्तर देते.

पोलिओची लस आणि इतर वैद्यकीय प्रयोग यांसाठी भारतातून ऱ्हीसस माकडांची निर्यात होत असे. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ती वर्षाला एक लाखाहून अधिक होती. १९५५च्या जानेवारीत लंडनच्या विमानतळावर शेकडो माकडे गुदमरून मेल्यावर निर्यात थांबली आणि वैद्यकीय उपयोगापुरतीच या अटीवर पुन्हा सुरू झाली. अशा वेळी, १९५९-६०मध्ये, अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स साउथविक अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आले. मिर्झा बेग आणि सिद्दीकी यांच्याबरोबर त्यांनी उत्तर प्रदेशातली गावे, देवळे, रस्ते, कालवे, रेल्वे स्टेशने पालथी घालून माकडे मोजली. दोन गोष्टी दिसल्या. माकडे जंगलापेक्षा माणसांच्या वस्तीत अधिक होती. आणि कळपांत अर्धवट वयाची माकडे फार कमी होती, कारण व्यापाऱ्यांना तीच हवी असत. अलीगढ जिल्ह्यातले कळप या मंडळींनी पुढे वर्षानुवर्षे मोजले.

ही मोजणी कपाटात पडून राहिली नाही. सत्तरच्या दशकात निर्यातीचा कोटा वीस हजारांपर्यंत खाली आला, आणि अमेरिकेत या माकडांवर किरणोत्साराचे लष्करी प्रयोग होत असल्याचे उघड झाल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७८ साली निर्यात पूर्ण बंद केली. बंदीचे तात्कालिक कारण राजकीय व नैतिक होते, पण माकडे खरोखर कमी होत आहेत हे सांगणारा आकडा आधीपासून तयार होता. विद्यापीठांच्या जोडकामाने संवर्धन कसे घडते याचा हा धडधडीत दाखला आहे. पुढे नव्वदच्या दशकात साउथविक आणि मोहनोत यांनी भारत-अमेरिका वानर प्रकल्प चालवला, तो याच धाग्याचा विस्तार.

अलीगढचे यश कशात आहे? मला वाटते, सिद्दीकींमध्ये. दीर्घकाळ तिथेच राहणारा, तिथली भाषा बोलणारा, मोजणी पिढीभर चालवणारा भागीदार त्या उपक्रमाला मिळाला. नेतृत्व वाटले गेले, म्हणून काम टिकले. मात्र संवर्धनाची बाजू अशी भरभक्कम असताना शिक्षणाची बाजू रिकामीच राहिली. सरकारला आकडा समजला. ज्या गावात माकडे मोजली, त्या गावाला त्यातून काय समजले?

५

मराठी वाचकापुरते बोलायचे तर शिक्षणाचे काम विद्यापीठाने केले नाही, एका कादंबरीकाराने केले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ १९८२ साली आली आणि १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. रानातली वानरांची टोळी, तिचा टापू, बाहेरचे नर, जुन्या नायकाचा पाडाव, नव्याची हिंसा हे सारे माणसाला मध्ये न आणता मराठीत प्रथमच कादंबरीच्या रूपात आले. धारवाड आणि अबू येथे जे शास्त्र घडले, त्याचा गाभा मराठी घरात पोचला तो या छोट्या पुस्तकातून. ज्याने कधी शोधनिबंध पाहिला नाही त्यालाही हुप्प्या बदलला की पिल्लांचे काय होते हे कळले. माडगूळकरांची भाषा अशी की तिच्यात परिभाषा नाही आणि तरी ढिलेपणा नाही. सार्वजनिक विज्ञानशिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

मात्र आपण ही कादंबरी वाचली कशी, हे तपासले पाहिजे. शीर्षकातला ‘सत्तांतर’ हा शब्द त्या काळी रोजच्या वर्तमानपत्रातला होता. १९७७ साली दिल्लीत, १९७८ साली मुंबईत आणि १९८० साली पुन्हा दिल्लीत सत्ता पालटली होती. साहजिकच कादंबरी अनेकदा माणसांच्या राजकारणाचे रूपक म्हणून वाचली गेली. वानरे म्हणजे पुढारी, टोळी म्हणजे पक्ष, एवढे जुळवले की वाचन संपले. समीक्षेला रूपक सापडले आणि वानर हरवला. पंचतंत्रापासून आपण प्राण्यांना माणसांची सोंगे देत आलो. माडगूळकरांनी ते सोंग उतरवले, आणि आपण ते पुन्हा चढवले.

दुसरा प्रश्न शीर्षकाचाच आहे. ‘सत्ता’ म्हटले की लक्ष हुप्प्याकडे जाते. पण हर्डीच्या निरीक्षणांशेजारी हा शब्द ठेवला तर तो अपुरा पडतो. टापू माद्यांचा आहे, टोळी माद्यांची आहे, पिढ्यांचे सातत्य माद्यांचे आहे. बदलतो तो बाहेरून आलेला एक नर. गादी बदलली असे आपण म्हणतो, तेव्हा घर तेच असते. माडगूळकरांच्या कादंबरीचा हा दोष म्हणून मी सांगत नाही; कलाकृतीचे शीर्षक शास्त्राचे प्रमेय नसते. पण चाळीस वर्षांच्या मराठी वाचनात हुप्प्याच्या बाजूने जितके बोलले गेले, त्या मानाने माद्यांच्या बाजूने ही कादंबरी वाचण्याचा यत्न तोकडा आहे. जगातल्या शास्त्राची नजर सत्तरच्या दशकातच हुप्प्यावरून माद्यांकडे वळली होती. शिक्षणक्रम मराठीत असता, तर कदाचित समीक्षेचीही वळली असती.

६

शब्दांची ही चर्चा केवळ साहित्यापुरती राहत नाही. तीन अलीकडची उदाहरणे पाहू.

डिसेंबर २०२१मध्ये बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या लवूल गावी वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर, घरांच्या छपरांवर नेत असल्याच्या बातम्या आल्या. अडीचशेपर्यंतचे आकडे छापले गेले, आणि बातमीला शब्द मिळाला ‘सूड’. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले म्हणून वानरांनी सूड उगवला, ही कथा जगभर गेली. शेवटी वनखात्याने दोन वानरे पकडली आणि दूर नेऊन सोडली. सूड हा माणसाचा शब्द आहे. त्यात हेतू, स्मरण आणि न्याय गृहीत धरलेले असतात. वानरे दुसऱ्याची पिल्ले उचलतात, कवटाळतात, त्यांना नीट खायला घालता येत नाही, उंचावरून ती पडतात वा उपाशी मरतात. हे समजून घ्यायला सूडाची गरज नाही. एक नेमके मराठी टिपण गावात आणि वार्ताहराच्या हातात असते, तर घाबरटीला थोडा तरी आळा बसता.

दुसरे उदाहरण तापाचे. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात वानरे आणि माकडे पटापट मरू लागली, माणसेही तापाने दगावली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू ओळखला. तो गोचिडीतून पसरतो. माकडे त्याची पहिली बळी असतात, मेलेले माकड ही धोक्याची घंटा असते. गेल्या दशकात हा आजार सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात आला तेव्हा मराठीत त्याचे नाव पडले ‘माकडताप’. नावाने दोष माकडावर गेला आणि गोचीड मोकळी सुटली. नाव बदलून ‘गोचीडताप’ केले तर निम्मे आरोग्यशिक्षण नावातच होईल.

तिसरे उदाहरण उलट्या बाजूचे. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात बत्तीस एकर जमीन माकडांच्या नावे नोंदलेली आहे. या बातमीचे २०२२ साली सर्वत्र कौतुक झाले. तिच्यात भाविकता आहे, गावाचे औदार्य आहे. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गचा बागायतदार किंवा शेंगदाणा-मक्याचे शेत राखणारा आपल्याकडचा शेतकरी ती बातमी वाचून काय म्हणेल? त्याच्या दृष्टीने वानर-माकड देव नाही आणि रूपकही नाही. ते तोंडचा घास नेणारे जनावर आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर ऱ्हीसस माकड वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीतून बाहेर पडले. आपल्या शिवारात आलेले माकड ऱ्हीसस आहे की टोपीवाले, हा प्रश्न म्हणून आता प्राणिशास्त्राचा राहिलेला नाही, कायद्याचाही झाला आहे. तापीकाठच्या माणसाला तो भेद ओळखता येणे ही चैन नव्हे.

७

मग असा उपक्रम चालवणाऱ्याकडून काय मागावे? बाहेरच्या जगात चांगली उदाहरणे आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठाचे रँडल काइस इंडोनेशिया, नेपाळ अशा देशांत तिथल्या विद्यापीठांबरोबर क्षेत्र-अभ्यासक्रम चालवतात आणि त्यांना जोडूनच जवळच्या गावातल्या शाळकरी मुलांसाठी वर्ग घेतात. विद्यार्थी तिथलाच आणि शाळाही तिथलीच, हा त्या रचनेचा कणा आहे. साउथविक-सिद्दीकींच्या मोजणीला ही जोड मिळाली असती तर अलीगढची कथा पूर्ण झाली असती.

जळगावला १९९०पासून विद्यापीठ आहे आणि २०१८पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. सातपुडा, यावल, अनेर, पाटणादेवी हे सारे त्याच्या परिसरात आहे, आणि जगाच्या नकाशावरची ती सरकणारी रेघ त्याच्या अंगणातून जाते. दोन्ही काठांवरच्या गावांत दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात कुठले माकड दिसले, कळपात किती, पिल्ले किती, पिकाचे नुकसान कोणत्या महिन्यात, कुठून आणून सोडलेले कळप आहेत का, एवढे प्रश्न अहिराणीत आणि मराठीत विचारले तरी पाच-दहा वर्षांत जगातल्या कोणत्याही विद्यापीठाला हेवा वाटेल असा साठा तयार होईल. परदेशी सहकारी जरूर यावा. डीएनएची तपासणी, नकाशे, तुलना यांसाठी तो हवाच. पण प्रश्नावली त्याच्या भाषेत घडू नये आणि उत्तरे फक्त त्याच्या भाषेत छापली जाऊ नयेत.

मारुती चितमपल्लींनी रानात वावरणाऱ्या माणसांकडून शब्द गोळा केले आणि पक्षी, प्राणी, वृक्ष यांच्या कोशांचे काम एकट्याच्या बळावर उभे केले. ते काम विद्यापीठाचे होते. वानर-माकडांसाठी तसा छोटा कोश, त्यात वर्तनाचे, आवाजांचे, वयाच्या अवस्थांचे शब्द, हे अशा उपक्रमाचे पहिले फलित मानावे, परिशिष्ट नव्हे. शब्द असेल तर गावकरी निरीक्षण सांगू शकतो, वार्ताहर ‘सूड’ न लिहिता काय घडले ते लिहू शकतो, शेतकऱ्याची तक्रार ‘उपद्रव’ या एका रकान्यात न कोंबता समजून घेता येते. आणि समीक्षकालाही ‘सत्तांतर’ नव्याने वाचता येते.

संवर्धन म्हणजे प्रेम करायला शिकवणे, असा समज पोस्टरांनी पसरवला आहे. शेत राखणाऱ्याला प्रेम शिकवायला जाणे हा उद्धटपणा आहे. त्याच्याकडून शिकावे आणि त्याला त्याच्याच शब्दांत हिशेब परत द्यावा, एवढे जमले तर ‘शिक्षण’ हा शब्द उपक्रमाच्या नावात शोभेल. हुप्प्या कोण झाला याची बातमी होते. घर कोणी धरून ठेवले हे विचारावे लागते. वानरांच्या टोळीला लागू आहे ते वानरांचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठांनाही लागू आहे. तिथेही प्रमुख येतात आणि जातात. नदीकाठची माणसे मात्र तिथेच असतात.